हातगाडीवरचा नवोन्मेष : पहिले पुस्तक

लागणारे साहित्य : चार चाकांची एक गाडी. चाके सायकलची असावीत, पंक्चर काढणारा कुठेही मिळतो. एक शेगडी, एक कढई, एक झारा. निळी ताडपत्री. पाठीमागचे बघणारे दोन डोळे, हे सहसा शेजारच्या कणीसवाल्याचे असतात. उभे राहायला सहा बाय चार फूट जागा, आणि ही जागा आपली नसावी. जागा आपल्या नावावर असेल तर हे पुस्तक मिटून बँकेत जावे. तिथे तुमच्यासाठी वेगळी, गुळगुळीत कागदावरची पुस्तके ठेवलेली असतात.

ज्यांच्यासाठी हे लिहिले आहे त्यांची संख्या थोडीथोडकी नाही. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळातली सरकारी पाहणी सांगते की शेती आणि बांधकाम सोडून असंघटित क्षेत्रात देशात सुमारे ७ कोटी ३४ लाख आस्थापना आहेत आणि त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे राबतात. आस्थापना म्हटल्यावर काचेचे दार आणि गार हवा डोळ्यांपुढे आणू नये. घरी पापड लाटणारी बाई, नाक्यावरचा चांभार, पाटीतून मासळी विकणारी कोळीण, स्टेशनबाहेरचा चार्जर-कव्हरवाला, सगळ्या आस्थापनाच. या सर्वांनी नवोन्मेष करावा अशी सरकारची, विद्यापीठांची आणि बँकांच्या वार्षिक अहवालांची फार इच्छा आहे. ती पुरी कशी करावी आणि केल्यावर काय होते, ते पुढे क्रमाने दिले आहे. क्रम चुकला तरी हरकत नाही. गाडीवर क्रमाने काहीच होत नाही.

धडा पहिला : उचलता येते का?

मोठ्या कंपनीत नवी कल्पना निघाली की तिला समित्या, सादरीकरणे, प्रायोगिक टप्पे अशा बऱ्याच चाळण्यांतून जावे लागते. गाडीवर चाळणी एकच. ‘आली, आली!’ ही हाक कानावर पडल्यापासून महापालिकेची गाडी वळणावर दिसेपर्यंत आपला शोध उचलून गल्लीत नेता येतो का? येत असेल तर शोध चांगला. येत नसेल तर तो कितीही बुद्धिमान असो, संध्याकाळपर्यंत अतिक्रमण विभागाच्या गोदामात जाऊन पडेल.

या चाळणीतून उत्तम रीतीने पार पडलेला शोध पाहायचा असेल तर फुटपाथवर कपडे विकणाऱ्यांकडे जावे. जमिनीवर चादर, चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोरी, दोऱ्यांची टोके एका मुठीत. ओढले की दुकानाचे गाठोडे. सुटा भाग एकही नाही, वीज लागत नाही, देखभाल नाही, आणि गाठोडे सोडले की दुकान पुन्हा उघडले. उद्घाटनाचा खर्चही वाचतो. एखाद्या आर्किटेक्टने हे केले असते तर त्यावर प्रदर्शन भरले असते.

दुसरा शोध मालाच्या मांडणीचा. गाडीवर तेवढाच माल ठेवावा जेवढा गेला तरी रात्री जेवण गोड लागेल. बाकीचा मागच्या इमारतीच्या जिन्याखाली. जिन्याचे मालक म्हणजे सोसायटी, पण जिन्याखालचे मालक वॉचमनमामा. त्यांना रोज एक वडापाव आणि दिवाळीला अर्धा किलो मिठाई. गाडीवरचा माल संपत आला की पोऱ्याला डोळ्याने खूण करायची, तो पिशवी भरून आणतो. लागेल तेवढाच माल लागेल त्या क्षणी आणण्याच्या या पद्धतीबद्दल व्यवस्थापनाच्या वर्गात जपानी मोटार कारखान्यांची उदाहरणे देतात. मामांचे कुणी देत नाही.

आता या चाळणीतून जे पडत नाही ते. धुराडे. फ्रिज. स्टीलचा पक्का ओटा. हात धुवायचे बेसिन. स्वच्छतेवर व्याख्यान द्यायला येणारे साहेब दरवेळी विचारतात, ‘वाहत्या पाण्याचा नळ का नाही लावत तुम्ही?’ नम्रपणे ऐकून घ्यावे. नळ खांद्यावर टाकून पळता येत नाही, एवढे साधे उत्तर असते, पण ते दिल्यास साहेब ‘मानसिकता’ हा शब्द वापरतात. त्यापेक्षा वीस लिटरचा तोटीचा जार ठेवावा, खाली बादली. जार उचलता येतो. बादली सोडून दिली तरी चालते. पक्के काही बांधत नाही म्हणून गलिच्छ, आणि बांधले की अतिक्रमण. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत आपली प्रतिभा फुलवायची आहे हे होतकरूंनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावे.

कायदा नाही असे मात्र कुणी म्हणू नये. संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा केला आणि वाचायला तो सुरेख आहे. दर पाच वर्षांत किमान एकदा सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे वाटली जाईपर्यंत कुणाला उठवायचे नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एकतृतीयांश बायका. मुंबईत या समित्यांसाठी मतदान झाले २०२४ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या दहा वर्षांत चादरीच्या दोऱ्या सुताच्या होत्या त्या नायलॉनच्या झाल्या.

धडा दुसरा : कल्पना कुठून आणावी

आणायला जावे लागत नाही. अडचण रोज सकाळी आपणहून येते, तिला बसायला पाट द्यावा.

उसाच्या चरकाचे घुंगरू घ्या. रसवंतीवाल्याला जाहिरात करायची होती, पैसे नव्हते, म्हणून फिरणाऱ्या चरकाला घुंगरू बांधले. चरक फिरला की आवाज, आवाज झाला की रस्त्यापलीकडच्या माणसाला तहान. चरक फिरवणारा बैल गेला, मग मोठे चाक हाताने फिरवणारा पोरगा गेला, मोटर आली. घुंगरू कुणी काढले नाही. जाहिरात आणि यंत्र एकाच ताकदीवर चालते आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा जाहिरात आपोआप बंद पडते. जाहिरात कंपन्यांना अजून हे जमलेले नाही.

रसवंतीचीच आणखी एक करामत आहे. महाराष्ट्रात कुठल्याही गावात एसटी स्टँडजवळ ‘कानिफनाथ रसवंती गृह’ ही पाटी दिसते. मूळचा धंदा पुरंदर तालुक्यातल्या, बोपगावच्या कानिफनाथाला मानणाऱ्या मंडळींचा. ती जिथे गेली तिथे दैवताचे नाव पाटीवर घेऊन गेली. पाटी एक, मालक वेगवेगळे, करार कुठेच नाही, रॉयल्टी घेणारा फक्त कानिफनाथ. नव्या पोराला चरक कुठे मिळतो, ऊस कुणाकडून आणायचा, बर्फवाल्याचा हिशोब कसा ठेवायचा हे भावकीतून कळते, आणि चुकल्यास कानउघाडणीही भावकीतूनच होते. ज्यांना धंद्याची ‘साखळी’ उभारायची आहे त्यांनी सल्लागार नेमण्याआधी उन्हाळ्यात एका लाकडी बाकावर बसून एक फुल ग्लास घ्यावा. आले-लिंबू घालून.

दिवाबत्तीचा शोध मात्र गाडीवाल्यांनी लावलेला नाही, त्यांनी फक्त तो ओळखला. पूर्वी संध्याकाळच्या धंद्याला मागच्या दुकानातून वायर ओढून एक बल्ब घ्यायचा आणि बल्बामागे रोजचे पैसे मोजायचे अशी रीत होती. मग चार्जिंगचे एलईडी दिवे आले. घरून चार्ज करून आणायचे, गाडीच्या छत्रीला टांगायचे. दुकानदारांची वरकमाई बुडाली. पण दुकानदार हेही उद्योजकच. बल्बाचे भाडे गेले तेव्हा त्यांनी सावलीचे सुरू केले.

पार्सलचा प्रश्न अजून सुटायचा आहे, तो होतकरूंनी हाती घ्यावा. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, त्यामुळे इवल्याशा पिशवीत गाठ मारून दिलेली पातळ चटणी गेली, निदान कागदोपत्री. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, कारण शाई पोटात जाते. केळीच्या पानाला भाव आला आहे. जाड कागदी डबी वडापावच्या नफ्यापेक्षा महाग पडते. हे सगळे वगळून उरते ते गिऱ्हाईकाचा हात. बऱ्याच ठिकाणी सध्या तेच तंत्र वापरतात.

धडा तिसरा : शोध तुमचा किती दिवस राहील

दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली असे मानतात. समजा ते त्याच संध्याकाळी पेटंट घ्यायला गेले असते. आज आहे तो पेटंट कायदा १९७० चा, तेव्हा त्यांना जरा थांबावे लागले असते. पण थांबूनही उपयोग नव्हता. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाला शोध म्हणायचे नाही याची यादी आहे. त्यातले (एफ) हे उपकलम सांगते की माहीत असलेल्या वस्तू, ज्या आपापले काम आपापल्या परीने करतात, त्या नुसत्या एकत्र मांडल्या तर तो शोध नव्हे. वडा वडाच राहतो, पाव पावच राहतो, बसले खाली. मग चटणी? तिच्यासाठी (ई) आहे. घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होत असेल असे नुसते मिश्रण शोध ठरत नाही. लसूण, सुके खोबरे आणि लाल तिखट यांच्या गुणांची बेरीज म्हणजे चटणी असे ज्याला वाटते त्याने चटणी खाल्लेली नाही, पण कायदा लिहिताना चव घेण्याची तरतूद नसावी.

तरीही कुणाला हौस असेल तर एकट्या माणसासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे, तपासणीची मागणी करायचे ४,०००, आणि वकिलाचे वकील सांगेल. पेटंट वीस वर्षे टिकते. गाडीवरची नवी कल्पना पुढच्या एकादशीपर्यंत टिकली तर नशीब म्हणावे. साबुदाण्याच्या वड्यात चीज घातलेत की समोरचा त्याच आठवड्यात घालतो, वर पाच रुपयांनी स्वस्त देतो.

त्याच्याशी भांडू नये. एक तर समोरच्याने उचलले याचा अर्थ ते चालते, आणि बाजाराची याहून स्वस्त पाहणी कुणी करून देणार नाही. दुसरे म्हणजे शेजवान चटणी आपण तरी कुठून आणली होती? या धंद्यात शिकणे आणि चोरणे यांच्यामध्ये भिंत नाही. ज्या पोऱ्याला हाताखाली घेऊन पीठ किती पातळ ठेवायचे ते शिकवले तो तीन वर्षांनी पन्नास पावलांवर स्वतःची गाडी लावतो आणि पहिला घाणा तुम्हालाच आणून देतो. वाईट वाटते. वडा चांगला असतो, म्हणून जास्त वाईट वाटते.

यावर एकच उपाय आजवर टिकलेला दिसतो, तो म्हणजे वाटण घरी करणे. गाडीवर जे होते ते सगळ्यांना दिसते, म्हणून खरी कारागिरी गाडीवर होऊच द्यायची नाही. पहाटे घरातली बाई मसाला वाटते, प्रमाण तिच्या मुठीत असते, मूठ कुणाला उसनी देता येत नाही. बाहेर नाव मात्र गाडीवर उभे राहणाऱ्याचे होते. उद्योग नोंदवायला गेल्यावर मालकाच्या रकान्यात कुणाचे नाव घालायचे, यावर घरात दोन मिनिटेसुद्धा चर्चा होत नाही, हा या क्षेत्रातला अडथळा कुठल्याही अहवालात क्वचितच सापडतो. कारण अहवालवाले गाडीवर येतात, घरी जात नाहीत.

नोंदणीचे कागद असले तरी निर्धास्त राहू नये. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावरून प्राडाच्या चपला चालत आल्या, त्या बघून कोल्हापुरातल्या लोकांना आपल्या अंगणात कुणीतरी चालल्यासारखे वाटले. ओरड झाल्यावर कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. मानांकनाने नाव राखले जाते; अंगठा आणि पट्टा यांची ठेवण राखायला ते पुरत नाही.

धडा चौथा : भांडवल

भांडवल चार प्रकारचे असते : जे दारात येते, जे मैत्रिणींत फिरते, जे रोज सतावते आणि जे मिळते असे म्हणतात.

दारात येते ती पिग्मी. उडुपीच्या एका बँकेने १९२८ साली रोज दोन आणे घरी जाऊन गोळा करण्याची ही पद्धत काढली, आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती आपलीशी केली. संध्याकाळी एजंट येतो, पन्नास-शंभर घेतो, पावती फाडतो, एक भजी तोंडात टाकतो. फॉर्म भरा, रांगेत उभे राहा, साहेब जेवायला गेलेत, यांतले काही नाही. बँका गरिबापर्यंत कशा पोचतील यावर परिषदा भरत असताना हा माणूस स्कूटरवरून पोचलेला असतो.

मैत्रिणींत फिरते ती भिशी. वीस जणी, महिन्याला हजार, प्रत्येकीला एकदा वीस हजार. भिशी उचलली की काय घ्यायचे याचा निर्णय इथे नवोन्मेषाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. बटाटे सोलायचे यंत्र, वाटणाचा मोठा ग्राइंडर, पीठ मळायचे यंत्र. लक्षात घ्या, यांतले एकही गाडीवर ठेवायचे नाही. पहिला धडा आठवावा. यंत्र तिथेच घ्यायचे जिथून ते कुणी उचलून नेणार नाही, म्हणून धंद्याचे सगळे यांत्रिकीकरण खोलीत होते आणि गाडीवर आजी वापरायची तीच कढई राहते. पाहणी करणारा गाडी बघतो आणि ‘तंत्रज्ञानाचा वापर : नगण्य’ असे लिहितो. त्याच्या खोलीपेक्षा आपल्या खोलीत जास्त मोटरी असतात.

रोज सतावतो तो डायरीवाला. दहा हजार मागितले की हातात नऊ देतो, हजार आधीच कापून. मग शंभर दिवस रोज शंभर. ऐकायला गोड वाटते. पण मुद्दल रोज कमी होत जात असल्याने सरासरी साडेचार हजारच आपल्याकडे राहतात आणि त्यांवर शंभर दिवसांत हजार रुपये व्याज पडते. वर्षाचा दर काढला तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो. हे गणित त्याला सांगू नये. त्याला येते.

मिळते असे म्हणतात त्यात पीएम स्वनिधी. जून २०२० मध्ये, टाळेबंदीत, ती सुरू झाली. पहिले कर्ज १० हजार, फेडले की २०, मग ५०. पुढे २०२५ मध्ये पहिल्या दोन रकमा १५ आणि २५ हजार केल्या. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्क्यांची सवलत. योजना खरोखर कामाची आहे, थट्टा करण्यासारखी नाही. थट्टा आहे ती अर्जाच्या कागदांत. तुम्ही विक्रेते आहात असे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र महापालिकेने द्यायचे. म्हणजे सकाळी ज्यांनी म्हटले की तुम्ही इथे असता कामा नये, त्यांनीच दुपारी लिहून द्यायचे की तुम्ही इथे असता. आणि असता याचा पुरावा काय? जुन्या दंडाच्या पावत्या. म्हणून पावती कधीही टाकू नये. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, तारखेवार, मुलाच्या दाखल्याशेजारी. ज्यांना कधी दंडच झाला नाही त्यांचे हाल कुत्रा खात नाही.

धडा पाचवा : मोठे न दिसण्याची कला

इथपर्यंत आलेला वाचक थोडाफार यशस्वी झालेला असेल. आता सावध राहावे.

गर्दी वाढली की सोसायटीचे सचिव तक्रार करतात. पाटी मोठी केली की हप्ता मोठा होतो. दुसरी गाडी घेतलीत तर ती मेहुण्याच्या नावावर घ्यावी आणि तिचा रंग वेगळा ठेवावा. पाच माणसे कामाला असतील तर तीन दिसावीत, उरलेली दोन गिऱ्हाईक म्हणून उभी राहू शकतात. धंद्यात चतुराई ज्या जागी सर्वांत जास्त खर्च होते ती ही. चव सुधारायला जेवढे डोके लागते त्याच्या दुप्पट, ती सुधारल्याचे लपवायला लागते.

मग क्यूआर आला. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि चारेक वर्षांत मेथीच्या जुडीवरही काळे-पांढरे चौकोन टेकलेले दिसू लागले. पैसे आल्याचे मोठ्याने ओरडणारी पेटी तर गाडीवाल्यांच्या गरजेतूनच घडल्यासारखी आहे, कारण हात पिठात असताना मोबाइल बघता येत नाही. सुटे पैसे, फाटकी नोट, ‘उद्या देतो’ हे सगळे तिने कमी केले. बरे, तिचा आवाज असा की शेजारची कोथिंबीरवालीही आपला गल्ला मोजू शकते. कोड कुणाच्या खात्याचा लावायचा हा पुन्हा घरगुती प्रश्न. बहुधा तो धाकट्याच्या नावावर असतो, त्यालाच फोनमधले कळते.

आणि जुलै २०२५ मध्ये बंगळूरात काय झाले ते ऐकावे. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने मागच्या काही वर्षांचे यूपीआयचे आकडे काढले आणि ज्यांचा वर्षाचा भरणा वस्तूंसाठी ४० लाख, सेवांसाठी २० लाख या जीएसटीच्या मर्यादेपलीकडे दिसला अशा छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. त्यांत ज्या मालावर करच नाही तो विकणारेही सापडले. ४० लाखांची विक्री म्हणजे ४० लाखांचा नफा नव्हे, हे दूधवाल्याला कळते. आठ-पंधरा दिवसांत शहरात हाताने लिहिलेले कागद चिकटले : यूपीआय नाही, फक्त रोख. देशातला सर्वांत गाजलेला डिजिटल शोध एका सेलोटेपने झाकता येतो, हे त्या वेळी कळले. होतकरूंनी क्यूआर जरूर लावावा. सेलोटेपही जवळ ठेवावा.

धडा सहावा : संशोधक भेटायला आल्यास

हे हमखास होते. गाडी जरा नावारूपाला आली की एखाद्या संस्थेतून एक मुलगा किंवा मुलगी टॅब घेऊन येते. विषय असतो ‘अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांतील नवोन्मेषाच्या पद्धती व अडथळे’. मूल बिचारे गुणी असते, उन्हातून आलेले असते. आधी पाणी द्यावे.

त्याच्याकडची प्रश्नावली फार दुरून आलेली असते. नवोन्मेष मोजायचा कसा याची जगभर वापरली जाणारी नियमावली ओस्लोच्या नावाने चालते. पहिली १९९२ ची, चौथी २०१८ ची. आधी तीत नवोन्मेषाचे चार प्रकार होते, माल, प्रक्रिया, विपणन, संघटन. चौथ्या आवृत्तीत दोनच ठेवले, माल आणि धंद्याची प्रक्रिया. नवे पूर्वीपेक्षा ठळकपणे वेगळे असावे आणि ते नुसते डोक्यात न राहता वापरात आलेले असावे, अशी अट. अट रास्त आहे. तिच्यात एवढेच गृहीत आहे की काल जिथे धंदा होता तिथेच तो आज आहे.

संभाषण साधारण असे चालते.

‘मावशी, मागच्या तीन वर्षांत तुम्ही नवीन किंवा सुधारित उत्पादन बाजारात आणलंत का?’

‘बाजारात कशाला आणू? इथंच विकते.’

‘म्हणजे नवीन काही पदार्थ?’

‘पावसाळ्यात कांदाभजी, उन्हाळ्यात कोकम. मार्गशीर्षात गुरुवारचे उपवासाचे. असं हो का नाही ते तूच लिही, बाळा.’

तो ‘नाही’ लिहितो, कारण ऋतू मोजायचे नाहीत असे त्याला प्रशिक्षणात सांगितलेले असते.

‘प्रक्रियेत काही बदल?’

‘नाही रे. सकाळी सासूबाई बटाटे उकडायच्या तसेच उकडते.’ यंत्राचे ती सांगत नाही. त्याने बटाटे सोलण्याबद्दल विचारले नव्हते आणि यंत्र म्हटले की वीजमीटर घरगुती की व्यापारी, हा पुढचा प्रश्न येतो हे तिला ठाऊक असते.

‘आता मी अडथळे वाचून दाखवतो. एक म्हणजे अजिबात अडथळा नाही, पाच म्हणजे फार मोठा. भांडवलाचा अभाव?’

‘चार घाल.’

‘कुशल मनुष्यबळाचा अभाव?’

‘तो बघ, समोर गाडी लावून उभाय.’

‘मग... पाच?’

‘एक घाल. चांगला करतो तो.’

‘माहितीचा अभाव?’

‘कसली?’

‘तेच विचारतोय मावशी, कसलीही.’

‘मग तीन.’

तीन हा आकडा कुठेही चालतो. संशोधनाच्या तक्त्यांत सगळीकडे तीनच्या आसपास सरासरी येते ती यामुळे. गिऱ्हाईक आले तर मुलाखत मधेच थांबवावी, संशोधकाला बाजूला व्हायला सांगावे, घाणा उतरवावा, मग पुढचा प्रश्न घ्यावा. कधी कधी तो मधल्या वेळात सुटे पैसे मोजून देतो. असा मिळाल्यास सोडू नये.

शेवटी एक प्रश्न मोकळा असतो : शासनाने तुमच्यासाठी काय करावे असे वाटते? इथे होतकरू लोक कर्ज, प्रशिक्षण, यंत्र असे काही सांगतात, ते त्या मुलाला आवडते, त्याचे रकाने तयार असतात. मावशी जरा वेळ घेते. झारा कढईच्या कडेला टेकवते.

‘कागद पायजे. इथं, याच जागेवर, पाच वर्षं मी उभी राहणार असा कागद. सहीचा. मग बघ, ओटा बांधते, नळ घेते, धुराडं लावते, पोऱ्याला पगारी ठेवते. आता काय बांधू? आणि कुणासाठी?’

‘म्हणजे परवाना?’

‘परवाना म्हण, काय पण म्हण. उद्या सकाळी मी इथंच असणार एवढं कुणीतरी लिहून दिलं पायजे.’

मुलगा वर-खाली बघतो. यादीत भांडवल आहे, कौशल्य आहे, तंत्रज्ञान, बाजारपेठ, माहिती, मानसिकता आहे. उद्या सकाळ नाही. तो ‘इतर’ वर बोट ठेवतो. त्या चौकटीत वीसच अक्षरे मावतात, तेव्हा काय टंकायचे यावर दोघांचे थोडे बोलणे होते आणि ‘ओटा, नळ’ असे ठरते.

मुलाखतीचे पैसे मागू नयेत, त्याच्याकडे नसतात. वडापाव मात्र खाऊ घालावा. तो दोन पार्सल मागेल, गाइडबाईंसाठी. लोकलने घाटकोपरच्या पुढे जाणार असेल तर पाव आणि वडा वेगळे बांधावेत, सुकी चटणीच द्यावी आणि मिरची तळलेली, मीठ लावून, वरून. वडा गरम असताना कागद पूर्ण मिटू नये, वाफ धरते.